जागा ठेवून घेतलेला कॉम्प्युटर

लॅपटॉपने मान टाकली ती नेमकी मोठ्या चादरीच्या नक्षीवर. पडदे आणि चादरी बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी नक्षीवाली भरतकामाच्या नक्ष्या करून द्यायची. कागदावरची वेल आधी कॉम्प्युटरवर घ्यायची, मग यंत्राला कळेल अशी टाक्याटाक्याने बसवायची. सुई कुठून निघेल, पानाच्या टोकाशी कशी वळेल, धागा कुठे तुटेल, सगळं तिने ठरवायचं. कारखान्यात तिला नक्षीवाली म्हणत आणि तेच नाव पडलं. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती घरूनच काम करत होती. लॅपटॉप जुना होता. छोटी नक्षी कशीबशी उघडायचा, पण चादरीएवढी वेल समोर आली की तव्यासारखा तापायचा. त्या दिवशी तो तापला, घरघरला आणि काळा पडला तो पडलाच.

तिने पहिला विचार केला तो नवऱ्याला सांगायचा, आणि दुसरा विचार असा की त्याला सांगायला निदान काहीतरी मिळालं. दुसऱ्या विचाराची तिला लाजच वाटली.

नवरा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. जहाजावर या माणसाला बत्तीसाहेब म्हणायची रीत आहे. ते नाव घरी कळल्यापासून सासूबाईंनी सोडलं नव्हतं. जहाजभर उजेड पाडतो आणि घरातला बल्ब मात्र बायको स्टुलावर चढून बदलते, असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. वर्षातले बरेचसे महिने तो पाण्यावर असायचा. जहाज पुढे सरकेल तशी त्याची जेवणाची सुट्टी कधी हिच्या सकाळी पडायची, कधी भर दुपारी. तेव्हा फोन यायचा. मूलबाळ नव्हतं, आणि त्या विषयावर बोलणं दोघांनी केव्हाच सोडून दिलं होतं. उरायचं ते एवढंच. जेवलीस का. हो, तुम्ही? आत्ताच. आईची कंबर? बरी आहे. ऊन आहे का तिकडे? आहे. मग दोघंही गप्प. तो गप्पपणा समुद्र ओलांडून यायचा म्हणून जास्तच जड वाटायचा. 'रेंज जाते आहे' असं एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने ते खरं मानायचं.

पण लॅपटॉप गेल्याचं सांगितलं तेव्हा तो गप्प झाला नाही. काय काय केलंस, कुठला दिवा लागला, चार्जर बदलून पाहिलास का, असं खोदून खोदून विचारलं. सुट्टी संपली तरी त्याचे प्रश्न संपले नाहीत. उरलेले त्याने लिहून पाठवले.

पुढचे काही दिवस नक्षीवालीने तीन ठिकाणं पालथी घातली. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात एक तयार कॉम्प्युटर होता. पडदा आणि यंत्र एकातच, पातळ, देखणा, टेबलावर ठेवला तर घराची शोभा वाढेल असा. विकणारी मुलगी गोड बोलत होती. पण पुढे मेमरी वाढवता येईल का असं विचारलं, तर ती हसून म्हणाली की हा उघडायचाच नसतो. कारखान्याचे हिशेबनीस आपला वापरलेला लॅपटॉप द्यायला तयार होते. तो स्वस्त होता, पण त्याची बॅटरी फुगून खालचं झाकण वर आलं होतं. तिसरं ठिकाण म्हणजे मास्तरांचं दुकान.

मास्तर पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे. टायपिंग गेलं तरी त्यांनी खोली सोडली नाही. त्याच उंच टेबलांवर आता कॉम्प्युटरचे सुटे भाग मांडलेले असत. बोलताना त्यांची बोटं काउंटरवर नकळत टायपिंग करत राहायची. गिऱ्हाइकाला माल दाखवण्याआधी ते एकच प्रश्न विचारायचे, कशासाठी हवाय? नक्षीवालीने सगळं सविस्तर सांगितलं. मास्तर ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "ताई, सगळं एकदम घेऊ नका. कॅबिनेटची पेटी मोठी घ्या, बोर्ड चांगला घ्या, प्रोसेसर बरा घ्या. बाकी आज लागेल तेवढंच. मेमरीची एक पट्टी आज, दुसरीची जागा मोकळी. ग्राफिक कार्ड नंतर. मोठी डिस्क नंतर. जागा ठेवून घेतलेली वस्तू महाग पडत नाही."

ते तिला पटलं, पण पटल्याचं तिने दाखवलं नाही. नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. घरी येईपर्यंत तिला फोनची कधी नव्हे एवढी घाई झाली होती.

बत्तीसाहेबाने तर ते काम अंगावरच घेतलं. इंजिनरूममधल्या कुठल्याशा तक्त्याच्या कोऱ्या बाजूवर त्याने पेटीचं चित्र काढलं, कुठे काय बसेल त्याच्या चौकटी आखल्या आणि फोटो पाठवला. चित्रावर तेलाचा अंगठा उमटला होता. मग रोज एकेका भागावर खल सुरू झाला. पॉवर सप्लायवर हात आखडता घेऊ नकोस, असं तो बजावायचा. बाकी काही हलकं चालेल, पण वीज पुरवणारी वस्तू चांगली हवी. पेटीला दिवे नकोत, नुसता भपका. ती म्हणायची, तुम्हीच बत्तीसाहेब आणि तुम्हालाच दिवे नकोत? तो हसायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो असा हसायचा, नंतर ते हसू कुठल्या बंदरात राहून गेलं होतं कोण जाणे. कॉम्प्युटरच्या पडद्यावरून एकदा दोघांचं चक्क वाजलं. तिला रंग खरे दिसणारा मोठा पडदा हवा होता, त्याला वाटत होतं सध्या जुन्या टीव्हीवर भागेल. भुऱ्या धाग्याच्या जागी लाल दिसला तर कारखाना माझ्या नावाने खडे फोडेल, असं तिने सुनावलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "पडदा तुझ्या मनासारखा घे. मला त्यातलं कळत नाही."

सासूबाई पलंगावरून सगळं ऐकत होत्या. तुमच्या लग्नाची बोलणी एवढी चालली नव्हती, असा शेरा त्यांनी मारला.

मास्तरांनी जोडलेली पेटी घरी आली तेव्हा ती दिसायला अगदीच साधी होती. काळी, चौकोनी, बाजूचं झाकण दोन स्क्रू फिरवले की निघणारं. आत बरीच जागा मोकळी होती. नक्षीवालीने खिडकीजवळ टेबल सरकवलं, पेटी मांडली, आणि चादरीची अडलेली वेल उघडली. वेळ घेतला, पण उघडली. कारखान्याचं काम वेळेत गेलं.

आता फोन आला की तिने झाकण काढायचं आणि फोनचा कॅमेरा आत धरायचा. तो तिकडून सांगायचा, जरा डावीकडे, ती निळी पट्टी दाखव, तिच्या शेजारी रिकामी खाच आहे ना, तिथे दुसरी मेमरी बसेल. मी आल्यावर बसवू. खालच्या लांब खाचेत ग्राफिक कार्ड. मी आल्यावर. इकडे डिस्क. तेही मी आल्यावर. केबल अशा लोंबत्या ठेवू नयेत, त्या मागून ओवून घेईन. आल्यावर. रिकाम्या जागेकडे बघून माणूस इतकं बोलू शकतो याचं तिला नवल वाटायचं. आपणही रोज त्याच जागेकडे बघत बसतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. काम संपलं तरी ती झाकण लगेच लावायची नाही.

एकदा मास्तरांनी वाटेत भेटल्यावर विचारलं, काय ताई, पैसे वसूल झाले का? ती हो म्हणाली, पण कशाने ते तिला सांगता आलं नसतं.

त्याच्या परतीचा महिना जवळ आला. तिने खोलीला हात फिरवला, त्याचे कपडे उन्हात घातले. सासूबाईंनी हजामाला निरोप धाडायला सांगितला, कारण मुलगा जहाजावरून येताना जटा वाढवून येतो असा त्यांचा अनुभव होता. आणि मग फोन आला. त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला होता. कंपनीने मुदत वाढवली होती. किती, ते नक्की सांगत नव्हते.

"मला नकार देता आला असता," तो म्हणाला. "पण मग पुढच्या वेळी बोलावतील की नाही..."

ती म्हणाली, ठीक आहे. खरं तर काहीच ठीक नव्हतं. उन्हात घातलेले कपडे तिने आत आणून परत कपाटात कोंबले, घड्या न घालता. दोन दिवस ती सासूबाईंशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी कारखान्याकडून एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांचं काम आलं. छतापासून जमिनीपर्यंत उतरणारी वेल, तिच्यात शेकडो फुलं. पेटी ती वेल उघडायला बघायची आणि अर्ध्यावर श्वास सोडायची. मी आल्यावर, मी आल्यावर, हे शब्द तिच्या डोक्यात फिरत होते. तिने पेटी उचलली, रिक्षात घातली आणि मास्तरांच्या काउंटरवर नेऊन ठेवली.

"भरून टाका," ती म्हणाली. "जेवढ्या जागा आहेत तेवढ्या सगळ्या."

मास्तरांची बोटं काउंटरवर थांबली. त्यांनी विचारलं की साहेबांचं काय ठरलं होतं. ती म्हणाली, साहेबांना समुद्र आहे, मला काम आहे. मास्तरांनी झाकण उघडलं. दुसरी मेमरी, ग्राफिक कार्ड, मोठी डिस्क, सगळं बसवलं. केबल मागून ओवून नीट बांधल्या. झाकण लावून स्क्रू घट्ट केले.

घरी येऊन तिने हॉटेलची वेल उघडली, आणि ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच समोर आली. वरपासून खालपर्यंत, एकेक फूल आपल्या जागी. ती हवी तशी मोठी करता येत होती, लहान करता येत होती, टाका न टाका दिसत होता. इतकी वर्षं ती नक्षीचा एकेक तुकडा बघत आली होती. सबंध वेल एका नजरेत तिने पहिल्यांदा पाहिली. हरखून तिने सासूबाईंना हाताला धरून टेबलाशी आणलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे सगळं तू केलंस? मला वाटलं तू नुसती बटणं दाबतेस." तो दिवस तिचा फार चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला सांगितलं. सांगताना आवाजात थोडा ताठा होता, तो तिचा तिलाच ऐकू आला.

मग तो म्हणाला, "सगळं बसवलं?"

"सगळं."

"म्हणजे आता काही उरलं नाही."

"नाही."

"छान केलंस," तो म्हणाला. "काम अडायला नको." आणि आईची कंबर कशी आहे ते विचारलं.

त्यानंतर फोन येत राहिले, पण जुनेच. जेवलीस का, ऊन आहे का. झाकण उघडायला कारणच नव्हतं. यंत्र एकदाही अडलं नाही, हॉटेलचं काम वाहवा मिळवून गेलं, कारखान्याने आणखी काम दिलं. आणि काम चालू असतानाच तिची नजर मध्येच फोनकडे जायची. तिला त्याची आठवण आधीही यायची. पण आधीची आठवण मुकी होती, नुसती असायची, दुखऱ्या दातासारखी. या काही महिन्यांत तिला बोलायची चटक लागली होती. तो खुलून हसायचा ते, हट्टाने भांडायचा ते, जरा डावीकडे म्हणायचा ते. आता त्या एवढ्याशा गोष्टींसाठी जीव तुटायचा, आणि तो एका फोनच्या अंतरावर असूनही त्या मागता येत नव्हत्या. माझ्याशी जास्त बोला, असं कसं सांगायचं? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर?

सासूबाईंच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. भाजी निवडताना त्या म्हणाल्या, आधी फोनवर तास तास चालायचं, आता डॉक्टरने चौकशी करावी तसं दोन मिनिटांत उरकता. भांडलात का? ती म्हणाली, नाही हो आई, बोलायला काही नसतं. सासूबाई शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "नसतं तर काढायचं. तुझे सासरे बिनबोलके होते. मी मुद्दाम डाळीत मीठ विसरायचे. निदान ओरडायला तरी तोंड उघडायचे." आणि स्वतःच इतक्या हसल्या की कंबर धरून बसल्या.

पुढचा फोन भर दुपारी आला. जेवण झालं, ऊन झालं, कंबर झाली. रेंजचा विषय निघणार एवढ्यात ती म्हणाली, "अहो, पंखा आवाज करतोय."

"कुठला पंखा?"

"पेटीतला. सकाळपासून."

तो एकदम सावरून बसल्यासारखा वाटला. कसा आवाज? घासल्यासारखा की खडखड? सुरू करताना जास्त की नंतर? ती सुचेल तसं सांगत गेली. झाकण काढ म्हणाला, तिने काढलं. फोन पंख्याजवळ धर म्हणाला, तिने धरला. पंखा नवाकोरा होता, लोण्यासारखा फिरत होता. इंजिनरूमच्या गोंगाटात कोणती मोटर नाराज आहे ते दारातून ओळखणारा माणूस तो. त्याने स्वतःच तिला हे एकदा सांगितलं होतं, बढाई मारावी तसं. आता आपली चोरी पकडली जाणार आणि वर कारण विचारलं जाणार, असं वाटून तिने डोळे मिटून घेतले.

"जरा आणखी जवळ धर," तो म्हणाला.

"हो," तो अखेर म्हणाला. "येतोय आवाज. बारीकसा."

तिने डोळे उघडले.

"असा आवाज लगेच जात नाही," तो हळू बोलत होता. "रोज ऐकावा लागेल. उद्याही धरशील का फोन?"

"धरीन," ती म्हणाली, आणि झाकण तसंच उघडं ठेवून दिलं.

बत्तीसाहेब घरी आला तो पावसाळा उलटून गेल्यावर. दाढी वाढलेली, खांदे ओघळलेले. पहिले काही दिवस तो घरात पाहुण्यासारखा वावरला. साखरेचा डबा कुठे असतो ते विचारायचा, पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपायचा. फोनवर मोकळी झालेली दोघं समोरासमोर आल्यावर पुन्हा अवघडली होती. तिला वाटलं होतं तो आल्या आल्या पेटी उघडील. त्याने पेटीला हातही लावला नाही. मास्तरांनी केबल छान ओवल्या आहेत, एवढं म्हणाला. पंख्याबद्दल तर चकार शब्द नाही.

एका दुपारी ती वेलीच्या कामाला बसली असताना तो स्टूल ओढून शेजारी येऊन बसला. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे तू नक्की काय करतेस?"

तिने चमकून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. या यंत्राचा अंगठ्याएवढा भागही त्याला तोंडपाठ होता, पण त्यावर चालणारं तिचं काम त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिने कधी दाखवलं नव्हतं. तिने एक पान मोठं केलं. सुई इथून निघते, हा कडेचा टाका, आत हा भरीव टाका. दोन्ही अर्धी एकाच दिशेने भरली तर पान मेलेलं दिसतं, म्हणून अर्ध्यात वळवायचा, की उजेड पडल्यावर अर्धं पान चमकतं.

"उजेड पडल्यावर," तो म्हणाला. "आणि हे इथे तुटकं का ठेवलंस?"

"तिथे धागा तुटतो. मागच्या बाजूने लांब ओढला तर कापड चुरगळतं."

तो विचारत गेला, ती सांगत गेली. मध्येच त्याने एक कडेचा टाका स्वतः घालून पाहिला आणि पान कोबीसारखं झालं. तिला हसू आवरेना. सासूबाईंनी आतून विचारलं काय झालं, तर दोघांनीही काही नाही म्हणून सांगितलं.

"हे फोनवर कधी बोलली नाहीस तू," तो म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलं नाही."

तो मान हलवत राहिला. असं काही जहाजावर ऐकायला मिळालं असतं तर, एवढंच तो बोलला आणि वाक्य तिथेच सोडलं. तिने ते पुरं करायला सांगितलं नाही.

सुट्टी सरली. सुट्ट्या सरतातच, पण ही जरा जास्तच लवकर सरली. निघायच्या दिवशी बॅग दाराशी होती, सासूबाई त्याला अंगावर स्वेटर घाल म्हणून सांगत होत्या, आणि गाडी येईपर्यंत तो टेबलाशी उभा होता. कॉम्प्युटरवर नवी नक्षी होती. एका लहान मुलांच्या दवाखान्याचे पडदे, त्यावर ढग आणि पक्षी. एक पक्षी अजून नुसत्या रेषांचा होता.

"हा कुठल्या रंगाचा होणार?" त्याने विचारलं.

तिने ठरवलं होतं. धाग्याची रिळंसुद्धा कारखान्याला कळवून झाली होती. ती म्हणाली, अजून ठरलं नाही. पोचलात की फोन करा, मग बघू.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्याने बॅग उचलली, आईच्या पाया पडला, आणि जिन्याच्या वळणावरून पुन्हा एकदा वर पाहिलं. गाडी गेल्यावर ती टेबलाशी येऊन बसली. पेटी मंद गुणगुणत होती. ढग पुरे करायचे होते, ते तिने पुरे केले. पक्ष्याला हात लावला नाही.